चक्रीवादळ एकाच वेळी अनेक देशांना तडाखा देते, तेव्हा मदतीचा मेळ कोण घालतो?

सप्टेंबर २०१७. अमेरिका खंडातल्या कॅरिबियन समुद्रात दोन आठवड्यांच्या आत दोन महाभयंकर चक्रीवादळे आली, 'इर्मा' आणि 'मारिया'. डझनभराहून जास्त देश आणि बेटांना त्यांचा फटका बसला. कुठे इंग्रजी, कुठे फ्रेंच, कुठे डच, कुठे स्पॅनिश बोलली जाते. चलन वेगळे, कायदे वेगळे, काही बेटे स्वतंत्र तर काही अजूनही दूरच्या देशांच्या ताब्यात. अशा ठिकाणी औषध, पाणी, ताडपत्री आणि डॉक्टर नेमके कुठे, किती आणि आधी कोणाकडे पाठवायचे, हे कोण ठरवते?

हा प्रश्न कागदी नाही. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावर मारियामुळे ६४ लोक दगावले, असा सरकारी आकडा सुरुवातीला होता. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वादळानंतरच्या सुमारे साडेपाच महिन्यांत नेहमीपेक्षा किती जास्त मृत्यू झाले ते मोजले. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने अधिकृत आकडा बदलून २,९७५ केला. म्हणजे बहुतेक माणसे वाऱ्याने किंवा पुराने मेली नव्हती. वीज नाही, रस्ता नाही, औषध नाही, दवाखाना चालू नाही, अशा दिवसांत ती गेली. वादळ थांबवणे माणसाच्या हातात नाही. वादळानंतरचे मृत्यू रोखणे मात्र बऱ्याच अंशी हातात आहे. त्यासाठी चार गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्या लागतात: परवानगी, यादी, रस्ता आणि पैसा. या चारही गोष्टी कशा चालतात, ते एकेक करून पाहू.

हरिकेन म्हणजे काय?

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिक महासागरात 'हरिकेन' आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये 'टायफून' म्हणतात. प्रकार एकच. समुद्राचे पाणी तापते, वाफ वर जाते, खाली हवेचा दाब कमी होतो आणि वारे गोल फिरू लागतात. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की त्याला हरिकेन म्हणतात. पुढे त्याच्या १ ते ५ अशा श्रेणी आहेत. पाचवी श्रेणी ताशी २५२ किलोमीटरपासून सुरू होते. तिथला अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो.

तुलनेसाठी आपल्या कोकणाचे उदाहरण घेऊ. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळाचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगडच्या लोकांनी त्या एका दिवसात काय काय पाहिले, ते सांगायला नको. बार्बुडावर आलेल्या इर्माचा वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर होता.

दोन आठवड्यांत काय घडले

अँटिग्वा आणि बार्बुडा ही दोन बेटे मिळून एक छोटा देश आहे. ६ सप्टेंबरच्या पहाटे इर्मा बार्बुडावरून गेले. बेटावरच्या सुमारे ९५ टक्के इमारतींचे नुकसान झाले. एक लहान मूल दगावले. मागोमाग 'होजे' नावाचे तिसरे वादळ येत असल्याचा इशारा आला. तेव्हा सरकारने बार्बुडाचे सगळे लोक, म्हणजे दीड हजाराहून जास्त माणसे, बोटी आणि विमानांनी अँटिग्वाला हलवली. सुमारे ३०० वर्षांत पहिल्यांदाच ते बेट माणसांविना राहिले.

इर्मा पुढे सेंट मार्टिन, अँग्विला, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, टर्क्स आणि कैकोस, क्युबा असे करत अमेरिकेच्या फ्लोरिडापर्यंत गेले. मदतीची विमाने आणि जहाजे अजून त्या बेटांवर फिरत असतानाच १८ सप्टेंबरच्या रात्री मारिया डॉमिनिकावर आदळले. (डॉमिनिका हा सुमारे ७० हजार वस्तीचा छोटा देश. डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा आणि मोठा देश. दोघांत गल्लत होते म्हणून सांगितले.) पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या घराचे छप्पर उडाले. घरात पाणी शिरल्याचे त्यांनी स्वतः त्या रात्री फेसबुकवर लिहिले. नंतर फोन, इंटरनेट, वीज सगळे बंद पडले. देशातील ९० टक्क्यांहून जास्त घरांच्या छपरांना फटका बसला. ६५ माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. दोन दिवसांनी तेच वादळ पोर्तो रिकोवर गेले आणि तिथली संपूर्ण वीजव्यवस्था कोसळली. शेवटच्या घरापर्यंत वीज परत यायला सुमारे ११ महिने लागले.

पहिली गोष्ट: परवानगी

बऱ्याच लोकांना वाटते की आपत्ती आली की संयुक्त राष्ट्रसंघ येतो आणि सूत्रे हातात घेतो. तसे नाही. १९ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. आजची आंतरराष्ट्रीय मदतव्यवस्था याच ठरावावर उभी आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की मदत सुरू करणे, तिचे नियोजन आणि समन्वय करणे ही पहिली जबाबदारी आपत्तीग्रस्त देशाची. बाहेरची मदत त्या देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याने आवाहन केल्यावर यावी.

म्हणजे घर त्यांचे, पाहुण्याने विचारून आत यायचे. नियम योग्य आहे. पण पंचाईत अशी की परवानगी देणारे सरकारच वादळात सापडलेले असते. मंत्र्याचे छप्पर उडालेले, अधिकाऱ्याचे स्वतःचे घर वाहून गेलेले, फोन बंद. म्हणून परवानगीचे करार, कोणी कोणाला कळवायचे याचे नंबर, सॅटेलाइट फोन, सही करणारा पहिला आणि दुसरा माणूस, हे सगळे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. डॉमिनिकात पहिल्या दिवसांत हौशी रेडिओवाल्यांनी, ज्यांना 'हॅम' म्हणतात, बाहेरच्या जगाशी संपर्क जोडून दिला.

परवानगीचा आणखी एक पदर आहे. सेंट मार्टिन हे सुमारे ८७ चौरस किलोमीटरचे बेट, पण त्याचा एक भाग फ्रान्सकडे आणि दुसरा नेदरलँड्सच्या राज्यात. वादळ एकच, बेट एकच, पण मदत पॅरिस आणि हेग अशा दोन राजधान्यांतून हलत होती. अँग्विला, ब्रिटिश व्हर्जिन बेटे आणि टर्क्स-कैकोस ब्रिटनच्या ताब्यात. त्यांचे दरडोई उत्पन्न जास्त असल्यामुळे त्यांच्यावर केलेला खर्च आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ब्रिटनच्या परदेशी मदतीच्या बजेटमध्ये मोजता येत नव्हता. छप्पर नसलेल्या माणसाला आपल्या बेटाचे दरडोई उत्पन्न किती, याच्याशी काय घेणे? पण कोणत्या खात्यातून पैसा निघणार, हे अशाच नियमांवर ठरते.

पोर्तो रिकोची अडचण वेगळीच. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकीच हवे, असा तिथला 'जोन्स' कायदा आहे. वादळानंतर २८ सप्टेंबरला तो फक्त दहा दिवसांसाठी शिथिल केला गेला.

शेजारी आधी धावतो

कॅरिबियन देशांनी १९९१ मध्येच आपली एक सामाईक संस्था उभी केली. २००९ पासून तिचे नाव 'सीडेमा' आहे, म्हणजे कॅरिबियन आपत्ती व्यवस्थापन संस्था. मुख्यालय बार्बाडोसमध्ये. एकटा छोटा देश स्वतःची हेलिकॉप्टरे, गोदामे, प्रशिक्षित पथके बाळगू शकत नाही. सगळ्यांनी मिळून ती बाळगायची आणि ज्याच्यावर संकट येईल त्याच्याकडे पाठवायची, ही साधी कल्पना. बार्बाडोस, अँटिग्वा, जमैका आणि त्रिनिदाद या चार ठिकाणी उपकेंद्रे. एखादे केंद्रच वादळात सापडले तर काम दुसऱ्याने उचलायचे. शेजारी देशांचे पोलीस आणि सैनिक मिळून बनवलेले एक मदत पथकही आहे. माल उतरवणे, गोदाम सांभाळणे, वाटप करणे ही कामे ते करते.

शेजाऱ्यांचे महत्त्व यासाठी की त्यांना भाषा कळते, समुद्र माहीत असतो आणि ते काही तासांत पोहोचतात. अँटिग्वाने बार्बुडाची मुले आपल्या शाळांत घेतली. त्रिनिदादचे पंतप्रधान कीथ राउली यांनी डॉमिनिकाच्या लोकांसाठी सहा महिने प्रवेशाचे नियम सैल करण्याची घोषणा केली.

क्युबाचा मार्ग वेगळा. तिथे नागरी संरक्षणाची व्यवस्था वस्तीवस्तीपर्यंत पोहोचलेली आहे. इर्मा येण्यापूर्वी १७ लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. त्यातले बरेच जण सरकारी छावणीत नव्हे, तर नातेवाईक आणि शेजाऱ्यांच्या पक्क्या घरांत राहिले. तरीही १० जणांचा जीव गेला. पण एवढ्या मोठ्या देशात आणि एवढ्या मोठ्या वादळात हा आकडा कमी राहिला, तो आधीच्या तयारीमुळे.

संयुक्त राष्ट्रे नेमके काय करतात

संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वय कार्यालय 'ओचा' या नावाने ओळखले जाते. हे कार्यालय स्वतः तांदूळ वाटत नाही. कोण काय करतो आहे, कुठे दोघे एकच काम करत आहेत आणि कुठे कोणीच पोहोचले नाही, हे बघणे त्याचे काम. त्याच्याकडे 'अनडॅक' नावाची तज्ज्ञांची पथके आहेत. १९९३ पासून ही पद्धत सुरू आहे. बोलावणे आल्यावर १२ ते ४८ तासांत पथक जगात कुठेही पोहोचते आणि स्थानिक सरकारसोबत बसून समन्वय केंद्र उभे करते.

२००४ च्या त्सुनामीत आणि डारफूरच्या संकटात बराच घोळ झाला होता. एका गावात पाच संस्था, शेजारच्या गावात एकही नाही. त्यानंतर २००५ मध्ये कामांचे गट पाडले गेले. त्यांना 'क्लस्टर' म्हणतात. प्रत्येक गटाला एक जबाबदार संस्था:

- मालवाहतूक, गोदामे आणि संपर्क यंत्रणा: जागतिक अन्न कार्यक्रम
- आरोग्य: जागतिक आरोग्य संघटना
- पाणी आणि स्वच्छता: युनिसेफ
- नैसर्गिक आपत्तीत निवारा: रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटचा आंतरराष्ट्रीय महासंघ
- शिक्षण: युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन
- अन्नसुरक्षा: जागतिक अन्न कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना

फायदा असा की पाणी नाही आले तर विचारायचे कोणाला, हे आधीच ठरलेले असते. प्रत्येक देशात औपचारिक क्लस्टर उभे राहतातच असे नाही. लहान देशांत सरकारी खाते पुढे आणि ही संस्था मदतीला, असेही चालते. पण कामाची विभागणी साधारण याच धर्तीवर होते.

दुसरी गोष्ट: यादी

मदतीत सगळ्यात अवघड काम वाटपाचे नाही, मोजणीचे आहे. पहिल्या दोन दिवसांत खरी माहिती कोणाकडेच नसते. सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेल्या गावातून एकही फोन येत नाही, कारण फोनच चालत नाही. जिथून जास्त ओरड येते तिथे मदत जाते आणि जिथे पूर्ण शांतता आहे तिथे माणसे वाट बघत बसतात. म्हणून अनुभवी लोक आवाज न आलेल्या गावाकडे आधी बघतात.

इथे उपग्रह कामाला येतात. २००० सालापासून अनेक देशांच्या अवकाश संस्थांचा एक करार आहे. मोठी आपत्ती आली की त्या भागाची उपग्रह चित्रे मोफत द्यायची. आपली इस्रो २००१ पासून त्यात सहभागी आहे. चित्रांवरून कोणता पूल तुटला, कुठली छपरे उडाली, कोणता रस्ता दरडीखाली गेला, याचा अंदाज येतो. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. सगळ्या संस्थांनी मिळून एकच फॉर्म भरायचा, असा आग्रह असतो. नाही तर एकाच बेघर कुटुंबाला पाच वेगवेगळे लोक येऊन तेच प्रश्न विचारतात आणि हातात काही पडत नाही.

किती मदत पुरेशी, याचेही माप आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'स्फिअर' उपक्रमाने किमान निकष ठरवून दिले. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा. अन्न रोज २,१०० कॅलरी. छावणीत २० माणसांमागे किमान एक संडास, आणि बायका-पुरुषांचे वेगळे. हे आकडे पाठ असले की गुणाकार करून मागणी काढता येते. एका शाळेत ३०० माणसे राहत असतील तर रोज ४,५०० लिटर पाणी आणि १५ संडास हवेत. 'खूप लोक आहेत, काहीतरी पाठवा' आणि 'रोज ४,५०० लिटर पाठवा' या दोन निरोपांत फरक आहे.

यादीत नसलेली माणसे

यादी जितकी उपयोगी, तितकीच ती कोणालातरी बाहेर ठेवणारीही असू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये 'डोरियन' वादळाने बहामास देशातील अबाको बेट उद्ध्वस्त केले. तिथे हैतीहून आलेल्या मजुरांच्या मोठ्या झोपडवस्त्या होत्या. अनेकांकडे राहण्याचा परवाना नव्हता, असलेले कागद पाण्यात गेले. नाव नोंदवले तर मदत मिळेल की परत पाठवले जाईल, ही भीती. पुढे बहामासमधून हैतीच्या लोकांना परत पाठवणे सुरूही झाले. या वादळात अधिकृत मृत ७४, पण त्याहून कितीतरी जास्त माणसे बेपत्ता राहिली.

म्हणून मदतीचा एक मूळ नियम असा आहे की माणूस कोण, कुठला, त्याचा धर्म किंवा पक्ष कोणता, कागद आहेत का, हे न बघता फक्त गरज बघायची. नियम सगळ्यांना मान्य असतो. अडचण येते ती वाटपाच्या टेबलावर, जिथे ओळखपत्र मागितले जाते. एकट्या बाईला, म्हाताऱ्याला, चालता न येणाऱ्याला रांगेत उभे राहणे जमत नाही. त्यांच्यापर्यंत कोण जाणार, हे नावानिशी ठरवावे लागते.

बार्बुडाची गोष्टही इथेच सांगायला हवी. तिथे जमीन पिढ्यानपिढ्या सगळ्यांची सामाईक मानली जात होती. लोक अँटिग्वात आसऱ्याला असतानाच, वादळानंतर काही महिन्यांत, सरकारने जमिनीच्या कायद्यात बदल पुढे रेटले. बार्बुडाच्या लोकांनी विरोध केला, प्रकरणे कोर्टात गेली. माणसांना सुरक्षित जागी नेणे हे अर्धे काम. ती परत कधी जाणार आणि तोवर त्यांच्या मागे त्यांच्या घरा-जमिनीबद्दल काय ठरवायचे नाही, हे उरलेले अर्धे.

तिसरी गोष्ट: रस्ता

माल आला म्हणजे मदत पोहोचली असे नव्हे. धावपट्टीवर झाडे पडलेली, मनोऱ्यात वीज नाही, बंदरातल्या क्रेन मोडलेल्या, ट्रकला डिझेल नाही, चालक स्वतःचे घर सावरतो आहे. लहान विमानतळावर एका वेळी एकदोनच विमाने उभी राहू शकतात. कोणते विमान आधी उतरवायचे, हे ठरवणारा एकच माणूस हवा. नाही तर गाद्यांचे विमान उतरते आणि जलशुद्धीकरण यंत्राचे विमान वर घिरट्या घालते.

म्हणून संयुक्त राष्ट्रे आणि रेड क्रॉस महासंघ यांनी पनामात मोठी गोदामे ठेवली आहेत. ताडपत्री, तंबू, पाण्याच्या टाक्या, जनरेटर तिथे आधीच भरलेले असतात. वादळाची दिशा कळली की माल जवळच्या सुरक्षित बेटावर हलवून ठेवायचा. कस्टमच्या सवलतीही आधीच ठरवाव्या लागतात. मदतीच्या खोक्यावर शुल्क किती, औषधाला परवाना कोणाचा, परदेशी डॉक्टरला काम करायची मुभा आहे का, हे प्रश्न धक्क्यावर उभे राहून सोडवायचे म्हटले तर दिवस निघून जातात.

नको असलेली मदत

ऑक्टोबर १९९८ मध्ये 'मिच' वादळाने मध्य अमेरिकेत होंडुरास, निकाराग्वा, ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोर या देशांत हाहाकार केला. ११ हजारांहून जास्त लोक मरण पावले. निकाराग्वात कासिता ज्वालामुखीचा उतार कोसळला, त्यात एकाच वेळी सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली. जगभरातून मदत निघाली. होंडुरासमध्ये मदतीचे विमान उतरायला आले, पण न मागता आलेल्या कपड्यांच्या ढिगांनी जागा अडवली होती, असे तिथे काम केलेल्या एका अमेरिकी अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. त्या ढिगांत हिवाळी कपडेही होते. होंडुरासच्या उकाड्यात!

देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण असा माल उतरवायला, निवडायला, ठेवायला माणसे आणि गोदाम लागते, आणि त्या वेळी नेमके तेच कमी असते. औषधांचे तर आणखी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष बाकी असावी आणि त्यावरची माहिती तिथल्या डॉक्टरांना कळेल अशा भाषेत असावी. घरातल्या उरलेल्या गोळ्या गोळा करून पाठवणे म्हणजे मदत नव्हे.

चौथी गोष्ट: पैसा

आपत्तीत पैसा किती आला, याइतकेच तो कधी आला हेही महत्त्वाचे. तीन टप्पे लक्षात ठेवा.

पहिला, तातडीचा निधी. संयुक्त राष्ट्रांचा 'सर्फ' नावाचा निधी २००६ पासून आहे. देशांनी आधीच भरलेल्या पैशातून काही दिवसांत रक्कम सुटते. त्याचबरोबर जगाला आवाहन केले जाते. डॉमिनिकासाठी सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस सुमारे ३ कोटी ११ लाख डॉलरचे आवाहन झाले.

दुसरा, विमा. २००४ मध्ये 'आयव्हन' वादळाने ग्रेनाडाचे नुकसान तिथल्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट केले. त्यातून धडा घेऊन २००७ मध्ये कॅरिबियन देशांनी मिळून एक विमा निधी काढला. अनेक देशांनी एकत्र येऊन आपत्तीचा धोका वाटून घेण्याचा जगातला हा पहिला निधी. यात सर्व्हेअर येऊन पाहणी करण्याची वाट बघत नाहीत. वाऱ्याचा वेग, मार्ग अशा ठरलेल्या मापांवरून रक्कम निघते आणि १४ दिवसांत सरकारच्या हातात पडते. मारियानंतर डॉमिनिकाला असे सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. पण एकूण हानी सुमारे १३० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के! विम्याने पगार, डिझेल, पहिली दुरुस्ती भागली. देश उभा राहायला ते पुरणार नव्हते.

तिसरा, पुनर्बांधणी. २१ नोव्हेंबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये देणगीदार देशांची परिषद झाली. १३० कोटी डॉलरहून जास्त मदतीची आश्वासने मिळाली, शिवाय कर्ज आणि कर्जमाफी. आश्वासन आणि हातात आलेला पैसा यात नेहमीच अंतर असते. ते अंतर किती, हे बघत राहणे हाही समन्वयाचा भाग.

लोकांच्या हातात थेट रोख देण्याचा मार्गही डॉमिनिकात वापरला गेला. सरकारची गरिबांसाठी आधीपासून एक योजना होती. जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफ यांनी तिच्यातूनच सुमारे २५ हजार लोकांपर्यंत तीन महिने रोख मदत पोहोचवली. बाजार सुरू झाला असेल तर रोख रक्कम चांगली. बाळाचे दूध घ्यायचे की खिळे घ्यायचे, हे त्या घरची बाई परक्या माणसापेक्षा जास्त चांगले जाणते. शिवाय पैसा गावातल्याच दुकानात जातो.

शाळा कधी उघडणार?

शाळा म्हणजे गावातली सगळ्यात पक्की इमारत. म्हणून वादळात तीच छावणी होते. डॉमिनिकातही तसेच झाले, आणि मग शाळा सुरू करायला वर्ग रिकामे नाहीत. कुटुंबांना बाहेर काढायचे तर घरे नाहीत. म्हणून शिक्षणाचा गट आणि निवाऱ्याचा गट यांनी सोबत बसावे लागते. युनिसेफची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात एक शिक्षक आणि ४० मुलांपुरते साहित्य असते आणि झाकणाला रंग लावला की त्याचा फळा होतो. तंबूतही वर्ग भरतो. कॅरिबियन बेटांवर खेळ, चित्रे, बाहुल्या यांच्या मदतीने मुलांची भीती घालवणारा 'रिटर्न टू हॅपिनेस' हा उपक्रमही चालवला गेला. वर्गात मूल पाच तास सुरक्षित असेल तर आईबापाला छप्पर दुरुस्त करता येते, रांगेत उभे राहता येते.

आपल्या मोहल्ल्यापर्यंत

देश अनेक असोत की तालुके अनेक, हिशोब तोच. निसर्ग वादळात किंवा जुलै २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरात मुंबई, पुणे, भिवंडी, कोल्हापूर अशा ठिकठिकाणाहून गाड्या भरून निघाल्या. जमाती, मंडळे, शाळा, तरुणांचे गट सगळे पुढे आले. अशा वेळी पुढील गोष्टी पाळल्या तर मदत वाया जात नाही:

१. गाडी भरण्यापूर्वी फोन करा. तिथल्या तहसील कार्यालयाला किंवा खात्रीच्या स्थानिक माणसाला 'आज काय हवे आणि काय नको' हे विचारा.

२. जुने कपडे टाळा. वादळानंतर आधी ताडपत्री, पत्रे, दोर, पिण्याचे पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च आणि सॅनिटरी पॅड लागतात.

३. शक्य असेल तर पैसे द्या, तेही हिशोब जाहीर करणाऱ्या संस्थेलाच. लोकांचा पैसा अमानत आहे, पावती मागायला लाजू नका.

४. खोक्यावर आत काय आहे, किती आहे, मुदत कधी संपते, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहा.

५. रस्त्यालगतच्या गावात पाच गाड्या उभ्या असतील तर सहावी आत, वाडीवर न्या.

६. ओळखपत्र नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका. नाव वहीत लिहा, गरज लिहा आणि द्या.

७. आपल्या घरची कागदपत्रे, म्हणजे रेशन कार्ड, आधार, सातबारा, दाखले, पावसाळ्यापूर्वीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि त्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे पाठवून ठेवा.

८. जमलेल्या रकमेतला काही भाग मागे ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. चौथ्या महिन्यात, जेव्हा पत्रे बसवायचे असतात, मुलांची फी भरायची असते आणि बोट किंवा बाग पुन्हा उभी करायची असते, तेव्हा विचारायला फारसे कोणी येत नाही. राखून ठेवलेली रक्कम त्या वेळी कामाला येते.